वीस किलोमीटर येऊन तुझी पाठ बघायची?

पत्राचा सारांश

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला हा वाचक २६ वर्षांचा आहे, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. दर रविवारी चार मित्र त्याच्या माडीवर जमतात आणि मिळून एकच मोठा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे नायक होऊन लांबलचक गोष्ट खेळायचा व्हिडिओ गेम, खेळतात. कन्सोल त्याचा, त्यामुळं कंट्रोलरही बहुतेक त्याच्याच हातात. चौघांतला एक जण कागलहून मोटारसायकलवर येतो.

भांडण फ्लॅशबॅकवरून झालंय. नायक आठवणीत शिरला आणि गेम मागच्या काळात गेला की पत्रलेखकाचं डोकं फिरतं. कागलच्या मित्राला नेमके तेच भाग आवडतात, आणि ते चालू असताना तो कुणाला तोंड उघडू देत नाही. महिन्यापूर्वी एका रविवारी तो घरचा फोन आला म्हणून खाली गेला होता, बाकीचे दोघं वडे आणायला गेले होते. ३८ तासांचा खेळ झालेला, नायक ताकदीच्या ४१व्या लेव्हलला, आणि गेमनं त्याला एकदम दहा वर्षांचा पोरगा करून हातात काठी दिली. पत्रलेखकानं तो सगळा भाग स्किप केला. मित्र वर आला आणि म्हणाला, "इथं कसं काय आलो?" उत्तर मिळालं, "काही नाही, जरा पुढं चाललो."

आठवड्यानं मित्रानं तो प्रसंग यूट्यूबवर बघितला. मेसेज आला: "मी एवढ्या लांबनं येतोय ते काय तुझी पाठ बघायला?" त्यानंतरचे तीन रविवार तो आलेला नाही.

पत्रलेखक विचारतो: एवढ्याशा गोष्टीवरून एवढं रागवायचं का? गोष्ट आवडत असूनही मला फ्लॅशबॅक का सहन होत नाहीत? आणि आता गेम तसाच पुढं न्यावा की थांबावं?

उत्तर

तुझं पत्र छापलं तर आठ पानं होतील, वर दिलाय तो नुसता अर्क. त्यातली पहिली तीन पानं गेमबद्दल नाहीतच. ती अकरावीबद्दल आहेत. मागच्या बाकावर तुम्ही दोघं कसे शेजारी आलात, त्याच्याकडं एसटीचा पास आणि तुझ्याकडं सायकल, त्याची गाडी चुकायला आली की तू त्याला डबल सीट घेऊन सीबीएस स्टँड गाठायचास, आणि एकदा चेन पडली म्हणून दोघंही कसे चालत गेलात. चौथ्या पानावर तू लिहितोस, "ताई, हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही."

भावा, हा फ्लॅशबॅकच आहे की. आणि मी तो पुरा वाचला.

याचा अर्थ तुझा वैताग खोटा आहे असा नाही. मला तो चांगला ओळखीचा आहे, फक्त दुसऱ्या बाजूनं.

नव्वदीच्या शेवटाला राजारामपुरीतल्या एका बोळात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पत्र्याचं शेड, चार टीव्ही, लाकडी स्टुलं, आणि मालकाच्या टेबलावर गजराचं घड्याळ. तासाला पंधरा रुपये. माझा भाऊ बारावीला होता, मी आठवीला. त्यानं खाऊचे पैसे साठवून खेळ कुठवर आला ते साठवणारं पंधरा ब्लॉकचं मेमरी कार्ड घेतलं होतं. ते तो कंपासपेटीत, कर्कटकाच्या शेजारी ठेवायचा. आम्ही दोघं गेलो तरी स्टूल एकच मिळायचं, कारण पैसे एकाचेच. तो बसायचा, मी त्याच्या मागं उभी. तिथं आम्ही ‘फायनल फँटसी ७’ खेळलो. म्हणजे तो खेळला.

गेम १९९७चा आहे. ज्यांना अजून खेळायचा असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद स्किप करावेत, आजच्या विषयाला धरूनच होईल.

मिडगार नावाच्या अवाढव्य शहरातून जीव वाचवून सगळी टोळी काल्म गावातल्या एका खोलीत जमते आणि नायक क्लाउड सांगायला बसतो, पाच वर्षांपूर्वी निबेलहाइममध्ये काय झालं ते. नुसतं ऐकायचं नसतं, ते आपणच खेळायचं असतं. क्लाउड पहिल्या लेव्हलला. बरोबर सेफिरॉथ नावाचा नामांकित योद्धा, लेव्हल ५०, त्याच्या उंचीहून लांब तलवार. वाटेत ड्रॅगन येतो, क्लाउड एका फटक्यात आडवा होतो, सेफिरॉथ त्याला उठवतो आणि ड्रॅगनलाही संपवतो. भावानं लगेच मेनू उघडला, सेफिरॉथकडची मटेरिया, म्हणजे जादूचे खडे, काढून घ्यायला. ती निघत नाही. लढाईत त्याला हुकूम द्यावा म्हटलं तर तो आपल्या मर्जीनं लढतो. "हा माझं ऐकतच नाही," भाऊ म्हणाला आणि त्यानं घड्याळाकडं बघितलं. मग चालणं, बोलणं, जुनी घरं, एका वाड्याचं तळघर. पडद्यावरचं इंग्रजी वाचून व्हायच्या आत तो बटण दाबत सुटला. मी मागनं ओरडतेय, "थांब की, वाचू दे." तो वळला सुद्धा नाही. "पैसे तू देतेस काय?"

पुढं कितीतरी वर्षांनी मला कळलं की क्लाउडनं सांगितलेलं तसं घडलंच नव्हतं. त्या मोहिमेवर सेफिरॉथबरोबर गेलेला खरा सोल्जर, म्हणजे खास फौजेतला लढवय्या, झॅक नावाचा दुसराच होता. क्लाउड तिथं होता, पण साधा शिपाई म्हणून, तोंड झाकलेला. म्हणजे भावानं बटणं बडवून संपवली ती एका गोंधळलेल्या साक्षीदाराची साक्ष होती, आणि पुढचा केवढा तरी गेम तिच्यावर उभा आहे. त्याला ते पार्लरमध्ये कधी कळलंच नाही, पावसाळ्यात शेड गळायला लागलं आणि पार्लर बंद झालं.

हे सगळं सांगितलं ते सेफिरॉथसाठी नाही, स्टुलासाठी.

स्टुलावर बसलेल्याला ती आठवण नकोशी झाली होती आणि मागं उभी असलेलीला हवीशी. आम्ही एकाच घरातले, एकाच बशीतलं खाणारे, आवडीनिवडीत फारसा फरक नव्हता. फरक हातात काय आहे याचा होता. कंट्रोलर धरणाऱ्याकडनं फ्लॅशबॅक बरंच काही काढून घेतो: तासन्‌तास घालवून वाढवलेली ताकद, जमवलेली हत्यारं, डावीकडं जायचं की उजवीकडं हे ठरवायची मुभा. वर आणखी, तो कितीही झकास खेळला तरी झालेलं काही बदलत नाही. जळायचं गाव जळतंच. ज्याच्या हातात मुळात काहीच नाही त्याच्याकडनं काय काढून घेणार? त्याचा अख्खा रविवार बघण्यातच चाललेला असतो. फ्लॅशबॅक आला की निदान तेवढ्यापुरते सगळेच बघे होतात, आणि त्यात तो तुझ्यापेक्षा तयार असतो.

खासबागेत कुस्त्यांना गेला असशीलच. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं ते मैदान, वरच्या पायऱ्यांवरनंही आखाडा स्वच्छ दिसतो. मोठी कुस्ती लागायच्या आधी निवेदक माइकवर पैलवानाची कुंडली मांडतो. कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठा, वस्ताद कोण, बाप कुठल्या मैदानात कुणाशी बरोबरीत सुटला. वर बसलेला म्हातारा ते ऐकताना मळलेली तंबाखू तोंडात टाकायची विसरतो. आखाड्यातला पैलवान मात्र पायानं माती उकरत असतो, खांदे झटकत असतो, कारण गरम केलेलं अंग थंड पडायला लागलंय आणि हा बाबा माइक सोडत नाही. दोघांचंही बरोबर आहे. तू आखाड्यात उभा आहेस आणि तुझा मित्र दर रविवारी पायरीवर.

तेव्हा तुझ्या दुसऱ्या प्रश्नापुरतं बोलायचं तर तू काही गोष्टीचा वैरी नाहीस. तीन पानं अकरावी लिहिणारा माणूस गोष्टीचा वैरी कसा असेल? तुझं अंग गरम असतं, एवढंच.

आता तू धरून चाललेलं एक वाक्य बघू: "फ्लॅशबॅक म्हणजे गोष्ट थांबते." सगळ्या फ्लॅशबॅकना एका दावणीला बांधू नकोस. ही युक्ती सिनेमातनं गेममध्ये आली. १९२९ साली ज्या गावात प्रभात फिल्म कंपनी निघाली तिथं पडदा पाण्यासारखा हलला की काय समजायचं हे आजीलाही सांगावं लागत नाही. पण थेटरात आजीच्या हातात शेंगदाण्याच्या पुडीशिवाय काही नसतं. गेममध्ये असतं, म्हणून गेम बनवणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो, की बाबा, तुझ्या हातातलं घेतलं त्याच्या बदल्यात हे देतो.

माझ्या मते हा हिशेब सगळ्यात हुशारीनं चुकवला तो १९९९च्या ‘फायनल फँटसी ८’नं. टोळी आगगाडीत असते, सगळ्यांना एकदम झोप येते आणि स्वप्नात आपण लगूना नावाच्या एका बावळट पण भल्या सैनिकाच्या अंगात असतो. आवडत्या पियानोवालीशी बोलायला जाताना त्याच्या पायात गोळा येतो, असला नायक. हा मागचा काळ आहे हे सावकाश उलगडतं. पण आपण आपल्या टोळीला जोडलेल्या शक्ती आणि मंत्र लगूना नि त्याच्या दोन मित्रांकडं तसेच येतात. कमाई बुडत नाही. तरीही खेळणाऱ्यांत लगूनावरून दोन तट पडतातच. कुणाला मूळ नायक स्क्वॉलला बाजूला सारून हाच नायक हवा असतो, कुणाला तो आला की कधी जातो असं होतं. मी लगूनाच्या तटात आहे हे तू ओळखलं असशीलच.

‘द विचर ३’ हा २०१५चा गेम. त्यात सिरी नावाच्या मुलीच्या आठवणींचे तुकडे आखूड ठेवलेत. कुणीतरी नायक गेराल्टला तिच्याबद्दल सांगायला लागतं आणि आपण तिच्या जागी खेळायला लागतो. पिशवी उचकायची नाही, जखमा आपोआप भरतात, हाताला नवीनच चपळाई मिळते, आणि कंटाळा यायच्या आत परत. ‘लॉस्ट ओडिसी’ तर आठवणी चक्क वाचायला देतो. हजार वर्षं जगलेल्या माणसाच्या त्या आठवणी कियोशी शिगेमात्सु या जपानी कादंबरीकारानं लिहिल्यात. पडद्यावर शब्द नि मागं संगीत, बास. मला तो प्रकार फार आवडला. भाचा म्हणतो, "आत्या, वाचायचंच होतं तर पुस्तक घ्यायचं की."

आणि २०२४ला आलेल्या ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’मध्ये तेच निबेलहाइम पुन्हा, सुरुवातीलाच. या वेळी सेफिरॉथही आपल्या हाताखाली खेळतो. भावाचं त्यानं शेवटी ऐकलं, पंचवीस वर्षांनी. त्या गेमचा डेमो, म्हणजे फुकटचा नमुना, आधी आला होता. डेमोत निबेलहाइम खेळून झालेल्यांना पुऱ्या गेममध्ये तो भाग वगळून पुढं जायची सोय ठेवली होती. म्हणजे एकच आठवण दोनदा सगळ्यांच्या गळी उतरत नाही हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

वाईट फ्लॅशबॅकही पायलीला पन्नास मिळतील. दोन तासांपूर्वी आपणच बघितलेला प्रसंग पिवळट करून आणि आवाज घुमवून पुन्हा दाखवतात, जसं काही मधल्या वेळात आपल्या डोक्यावर पाटा पडला. नाहीतर नायकाला पळूच देत नाहीत, नुसतं चालायचं, आणि रस्ता इथनं पन्हाळ्याएवढा. असल्या ठिकाणी तू स्किप दाबलंस तर मी तुझ्या बाजूनं साक्ष देईन.

स्किप करण्यात पाप नाही हे एकदा सगळ्यांसाठीच सांगते. मागं एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं होतं. घर नदीच्या अंगाला. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आत आलं तेव्हा ती आईला घेऊन वरच्या मजल्यावर बसून होती आणि जिन्याच्या किती पायऱ्या उरल्या ते मोजत होती. पुढं एका गेममध्ये नायिकेच्या लहानपणीचा प्रसंग आला, घरात पाणी चढतंय. तिनं स्किप दाबलं. धाकटा भाऊ हसला, "गेम आहे गं." तिनं मला विचारलं होतं, मी भित्री आहे का? मुळीच नाही. ते बटण अशा वेळेसाठीच आहे. त्या भागात काय झालं ते भावाकडनं तोंडी ऐकून तिनं गेम पुढं नेला, तिचं काही अडलं नाही.

तिनं ते बटण स्वतःपुरतं दाबलं होतं, तू तिघांच्या वतीनं दाबलंस, आणि तिघंही खोलीत नसताना.

तू लिहितोस, "शेवटी कन्सोल माझा आहे." खरंय. टीव्ही वडिलांचा आहे, वीजबिल आईच्या नावावर येतं, वड्यांचे पैसे बहुतेक दुसरा एक जण देतो, आणि या ३८ तासांतली निम्मी कोडी कागलच्या मित्रानं सोडवलीत हे तूच पाचव्या पानावर लिहिलंयस. वाटणी करायला बसलास तर तुझ्या वाट्याला तो डबा नि त्याची वायर येईल.

आणि पहिल्या प्रश्नातला "एवढ्याशा" हा शब्द तेवढा काढून टाक. तो प्रसंग हुकला म्हणून मित्र रुसला असं तू गृहीत धरलंयस. पण प्रसंग त्यानं यूट्यूबवर बघितला की. हुकलेलं मिळालं, मग तीन रविवार कशाला? बघता बघता त्याला कळलं की तो खाली फोनवर बोलत होता तेवढ्यात केवढं काय काय येऊन गेलं होतं, आणि तू त्याच्या तोंडावर "काही नाही" म्हणालास. यूट्यूबवर त्याला तुझं ते वाक्य दिसलं. "तुझी पाठ" हा शब्दही त्यानं रागाच्या भरात उचललेला नाही. टीव्हीसमोर तू बसतोस आणि तो मागं गादीवर. पावसापाण्यात वीस किलोमीटर येऊन त्याला खरोखरच तुझी पाठ दिसते.

मित्र हे वाचत असेल तर त्यालाही एक सांगायचंय. फ्लॅशबॅक लागला की वड्याच्या कागदाचा आवाज झाला तरी डोळे वटारायचे, हे अती होतं. माडी म्हणजे देवघर नाही.

आता पुढचं. तुझ्यापुढं तीन वाटा आहेत असं तू म्हणतोस. एकट्यानं गेम संपवून टाकायचा, ही पहिली. ती तुला घ्यायची असती तर तू आठ पानं लिहीत बसला नसतास. दुसरी, चौघांनी मिळून तो भाग यूट्यूबवर बघायचा आणि पुढं जायचं. यात वेळ वाचतो हे कबूल. पण त्यानं तो तसा एकदा बघितलाय, एकट्यानं, मनात काय काय घेऊन. पुन्हा तेच दाखवून काय साधणार? शिवाय दुसऱ्या कुणाचं तरी खेळणं बघायचं असतं तर तो कागलमध्येच बसून बघू शकतो. तिसरी वाट, स्किपच्या दोन तास आधीचा सेव्ह, म्हणजे तेव्हा साठवलेला खेळ, वेगळ्या स्लॉटमध्ये पडलाय तो लोड करायचा. त्यात मधे मिळालेली तलवार जाते म्हणून तू अडून बसलायस. अरे, पेटी कुठं आहे ते आता ठाऊक आहे ना? पुन्हा मिळेल. मी तिसरी वाट घेईन. आणि तोवर त्या गेमला हात लावणार नाही.

पण आधी कागलला जा. मेसेजवर माफी मागू नकोस, दोन निळ्या टिकांकडं बघत बसशील. रविवारी सकाळी तूच गाडी काढ. तो दर आठवड्याला येतो ते अंतर एकदा तुझ्या कमरेला कळू दे, हायवेला किती ट्रक चुकवावे लागतात तेही. गेल्या गेल्या गेमचं नाव काढू नकोस. आधी खोटं बोललास ते सांग, मग स्किपचं. हा क्रम उलटा केलास तर त्याला वाटेल, चौथा माणूस कमी पडतोय म्हणून आला. "मला वाटलं बाकीच्यांना कंटाळा येईल" हे पत्रात लिहिलंयस ते तिथं बोलू नकोस, बाकीचे तेव्हा वड्याच्या गाडीवर होते. त्याची आई चहा देईल तो घे. तो म्हणाला, "माझं मन उडालंय आता," तर हात धरून ओढू नकोस. सेव्ह काही शिळा होत नाही.

तुमच्यासारख्या टोळ्या घरोघरी आहेत म्हणून थोडं कामाचंही सांगते. फ्लॅशबॅक सुरू झाला की कंट्रोलर ज्याला तो आवडतो त्याच्या हातात द्यायचा, हा एवढा एक नियम आमच्या घरी भाऊ नि भाच्यात चालतो आणि त्यानं बरीच भांडणं मिटलीत. भाऊ त्या वेळात चहा टाकतो, पण स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून. एक जण जरी खोलीबाहेर असेल तरी पॉज, मग तो फोनवर असो नाहीतर मोरीत. स्किप करायचंच तर सगळ्यांना विचारून, आणि एकाचा जरी नकार असला तरी नाही.

ऑटोसेव्हवर विसंबू नका, तो पुढचं ठेवताना मागचं पुसतो. हातानं वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करत चला. आठवण येणार असली की गेम सहसा आधी खाकरतो: शेकोटी पेटते, कुणीतरी खिडकीशी जाऊन पाठमोरं उभं राहतं, जुनं पदक हाताला लागतं, नायकाचं कपाळ दुखायला लागतं. असं काही दिसलं की सेव्ह करून घ्या, कारण जुन्या गेममध्ये एकदा आत शिरलं की मधे सेव्ह करायला मिळेलच असं नाही आणि जुलैत आपल्याकडं लाईटचा काय भरवसा. रात्री अकरानंतर आठवण सुरू झाली तर तिथंच थांबवून झोपा. पेंगत बघितलेला फ्लॅशबॅक पुढं वीस तास नडतो, हा कोण नि तो कोण करत. सबटायटल चालू ठेवा, माडीवर पत्रा असेल तर पावसात नायक काय पुटपुटतोय ते ब्रह्मदेवालाही ऐकू येणार नाही. आणि मोह आवरला नाहीच, दाबलंच बटण, तर मेनूत झालेले संवाद पुन्हा वाचायची सोय आहे का ते बघा. बऱ्याच गेममध्ये असते. तिथं डोकावून या, मग मित्राला खरं सांगा, त्याच दिवशी.

राहता राहिलं तुझ्या सहाव्या पानावरचं. तिथं एक ओळ आहे: "दुसरा कंट्रोलर त्याच्यासाठीच घेतला होता, पण गेम एकट्यानं खेळायचा असल्यामुळं तो खोक्यातच आहे." तो आला तर त्या दिवशी ते खोकं उघडू नकोस. काठी घेतलेला पोरगा पडद्यावर दिसला की तुझ्या हातातला, गरम झालेला, तोच कंट्रोलर त्याच्याकडं दे आणि तू मागं गादीवर जाऊन बस. तिथनं काय काय दिसतं ते मला लिही.